मागून येणाऱ्याला वाट

बाजारात जाताना पुंजाराम बायकोला मागे चालायला सांगू लागला, त्याला दोन महिने झाले होते. आधी रूपालीला वाटलं, गर्दीत आपल्याला धक्का लागू नये म्हणून तो पुढे होत असेल. मग तिच्या लक्षात आलं, की मागे वाजणारी पावलं कोणाची आहेत हे नवऱ्याला आधीच ठाऊक असायला हवं असतं.

एका रविवारी बोईसरच्या भाजीबाजारात ती मेथीच्या जुडीसाठी थांबली आणि पुंजाराम तसाच पुढे गेला. वीसेक पावलं गेल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "घेतली का मेथी?" उत्तर आलं नाही. पावलं मात्र येत होती. तो थांबला तशी पावलंही थांबली. त्याने हळूच मोबाइल खांद्यावर धरला आणि कॅमेऱ्यातून मागे पाहिलं. मागे मोकळा रस्ता होता. लांब, भाजीच्या ढिगापाशी, रूपाली वाकून जुड्या निवडत होती.

तो भर बाजारात मटकन खाली बसला. छाती धडधडत होती, हातापायांना मुंग्या आल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. लोकांना वाटलं झटका आला. कामगार विम्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला तर हृदय ठणठणीत. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पालघरच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला. "गोळ्या देतो," ते म्हणाले, "पण हे बोलायचं दुखणं आहे."

पुंजाराम मूळचा जिंतूर तालुक्यातला. आयटीआय करून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आला, त्याला अकरा वर्षं झाली होती. रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तो ऑपरेटर होता. नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनला, तिथल्या रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला. छताचे पत्रे उडाले, मागची भिंत आत कोसळली. हजेरीवर सहा माणसं होती. पाच जण बाहेर आले. अंकुश नावाचा त्याचा सोबती वरच्या मजल्यावर रिअ‍ॅक्टरपाशीच होता, तो गेला. अग्निशमनवाल्यांनी त्याला तासाभरात बाहेर काढलं. मस्टर जुळलं, म्हणून मागचा ढिगारा उपसायची कोणाला गरज वाटली नाही. कारखान्याला सील लागलं आणि पंधरवड्यानं पुंजाराम तीन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात कामाला लागला.

पहिल्याच दिवशी, सुटी झाल्यावर, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या सरळ रस्त्यावर त्याला मागे पावलं ऐकू आली.

*

प्रियदर्शिनी राऊत यांची खोली पालघरात माहीम रोडवर, दुसऱ्या मजल्यावर होती. पन्नाशीकडे झुकलेल्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. पुंजारामनं आत येताच भिंतीला टेकलेली खुर्ची निवडली हे त्यांनी पाहिलं.

त्यांनी विचारलं, "आवाज आला की तुम्ही काय करता?"

पुंजारामनं सांगितलं. तो कानात हेडफोन घालून मोठ्यानं भजनं लावतो. रस्ता बदलतो. पळतो. रिक्षात, जीपमध्ये नेहमी सगळ्यात मागे, कोपऱ्यात बसतो. घरी भिंतीला पाठ लावून झोपतो, आणि आता तर जेवायलाही भिंतीला टेकूनच बसतो.

"आणि त्यानं आवाज कमी झाला?"

"नाही मॅडम. वाढला. आधी लांब असायचा. आता फार तर चार पावलं मागं असतो."

"अंकुश आहे असं वाटतं तुम्हाला?"

"दुसरं कोण असणार?" तो म्हणाला.

बाईंनी वही बाजूला ठेवली. "माझं आजोळ दातिवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "ओहोटी लागली की आमची मामी खाडीच्या गाळात उतरायची, शिंपल्या काढायला. लहानपणी मी एकदा तिच्या मागे गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. घाबरून पाय ओढायला लागले. जितका ओढला तितका गाळ आवळत गेला. मामी लांबूनच ओरडली, ओढू नको, सैल सोड. टाच हळूहळू हलव, पाण्याला आत शिरू दे. मी तसं केलं. गाळानं आपणहून पाय सोडला."

"म्हणजे मी पण काही करायचं नाही?"

"जबरदस्ती करायची नाही. काहीच न करणं हे वेगळं." त्या समजावू लागल्या. "चीनमध्ये एक फार जुना विचार आहे. ताओ म्हणतात त्याला. ताओ म्हणजे वाट. जी गोष्ट जशी वाहते आहे तिला आडवं न जाणं, झुंजत न बसणं, मऊ राहणं, कुठे थांबायचं ते ओळखणं, असं त्यात आहे. तिकडचे काही डॉक्टर चिंतेच्या आजारावर हा विचार वापरतात. मी तो पुण्यात एका शिबिरात शिकले. धर्म बदलायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. फक्त लढाई बंद करून बघायची."

त्यांनी दिलेलं काम साधं होतं. रोज सुटल्यावर फाटकापासून टाकीपर्यंत हेडफोन न लावता चालायचं. पळायचं नाही, मागे वळायचं नाही, त्याला हाकलायचं नाही. आवाज आला तर येऊ द्यायचा. घरी आल्यावर भीती दहापैकी किती होती तेवढं लिहून ठेवायचं.

"आणि तो अंगावर आला तर?"

"मागून येणारा घाईत असला तर आपण काय करतो रस्त्यात?" बाई म्हणाल्या. "बाजूला होतो. वाट देतो."

*

पहिल्या दिवशी त्याने वहीत दहा लिहिलं. दुसऱ्या दिवशीही दहा. संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे, रस्त्यावर टँकरची रांग, वडापावच्या गाडीपाशी बिहारी पोरांची गर्दी, हवेत तो नेहमीचा आंबूस वास. त्या सगळ्यात, सगळ्यांच्या देखत, त्याच्या मागे कोणीतरी चालत यायचं. त्याचं अंग घामानं निथळायचं. मान ताठ व्हायची. तरी तो पळाला नाही.

पाचव्या दिवशी त्याने आठ लिहिलं.

आठव्या दिवशी पावलं अगदी जवळ आली. पुंजाराम मनात म्हणाला, ये बाबा. त्याने खांदे सोडले आणि रस्त्याच्या उजव्या कडेला सरकला. पावलं डाव्या अंगाला आली आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागली. तिथे कोणी नव्हतं. फक्त टाकीच्या भिंतीवर त्याची एकट्याची सावली पडली होती. भीती सहावर होती, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तो आवाज नीट ऐकू आला.

तोवर तो आवाजापासून पळतच होता. आवाज कसला आहे हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो बुटांचा नव्हता. अंकुशच्या पायात कायम सेफ्टी शूज असायचे, लोखंडी टोपीचे, धप्प धप्प वाजणारे. हा रबरी चपलांचा आवाज होता. चट्, मग फरफट, पुन्हा चट्, पुन्हा फरफट. एक पाय नीट पडत होता आणि दुसरा ओढला जात होता.

पुंजाराम टाकीपाशी उभा राहिला. ऐन उन्हाळ्यात विहिरीत उतरल्यावर वाटतं तसा गारवा त्याच्या डाव्या दंडाला लागला. तो अंकुश नव्हता. मग कोण होतं?

*

त्यानंतरच्या भेटीत बाईंनी त्याला खुर्ची भिंतीपासून पुढे ओढायला लावली. दुपारची वेळ होती. वीज गेली होती, पंखा थांबला होता, खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "श्वास मोजू नका, तो आपोआप येतोय तसा येऊ द्या. त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"खाली. पंपांपाशी."

"काय दिसतं?"

"आधी शिट्टीसारखा आवाज. मग दणका. मग काहीच दिसत नाही, पिवळा धूर. मी मागच्या दाराकडं पळालो. वाट पाठ होती मला, डोळे मिटून जाईन अशी." त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. "माझ्या मागं कोणीतरी पळत होतं."

"थांबायची घाई करू नका. तो पळतोय, तुम्ही पळताय. ऐका फक्त."

पुंजारामचे ओठ हलले, पण आवाज आला तो त्याच्या तोंडचा नव्हता. जिन्यात चट् वाजलं. मग फरफट. कोणीतरी एक एक पायरी चढत दुसऱ्या मजल्यावर आलं. दार लोटलेलं होतं. ते हललं नाही. पण चपला आत वाजल्या, खुर्चीच्या मागे आल्या आणि थांबल्या.

बाईंचं पेन कागदावरून खाली पडलेलं पुंजारामला ऐकू आलं.

"डोळे मिटलेलेच ठेवा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "पुंजारामभाऊ, मागे जो आहे त्यालाही ऐकू द्या. सांगा, मग काय झालं?"

आणि पुंजारामला ते आठवलं. चार महिने ते त्याच्या आतच होतं, फक्त त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. मागचं दार लोखंडी होतं, स्प्रिंगचं. सोडलं की धाडकन आपोआप मिटायचं. तो दारापाशी पोचला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, थांब जरा." तो थांबला नाही. त्याने दार उघडलं, बाहेर उडी मारली आणि दार सोडून दिलं. दार मिटलं. दुसऱ्याच क्षणी दाराशेजारची भिंत आत कोसळली.

"त्या दिवशी ड्रम धुवायला मजूर नाक्यावरून माणूस आला होता," पुंजाराम डोळे उघडून म्हणाला. तो रडत होता. "एकच. रोजंदारीवर. त्याला बूट दिले नव्हते, चपलाच होत्या. जेवायच्या सुटीत त्यानं माझ्याकडं पाणी मागितलं होतं. मॅडम, त्याचं नाव मस्टरवर नव्हतं. त्याला कोणी मोजलंच नाही."

बाई खुर्चीमागच्या मोकळ्या जागेकडे पाहत होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला जे ऐकू आलं त्याबद्दल आज मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मला स्वतःलाही आधी नीट बसावं लागेल त्याच्याबरोबर. पण तुमची भीती खोटी नाही, एवढं मी म्हणते."

"आता मी काय करू? तुम्ही म्हणता झुंजायचं नाही."

"नका झुंजू. पाणी झुंजत नाही, पण उतार सोडूनही जात नाही. तुमचा उतार कुठे आहे, ते तुम्हाला आत्ता कळलंय."

*

पुढच्या साप्ताहिक सुटीला सकाळीच तो बोईसरच्या मजूर नाक्यावर गेला. कामाला माणसं पुरवणारा विनोद तिथे चहाच्या टपरीपाशी उभा होता. पुंजारामनं सरळ विचारलं, "स्फोटाच्या दिवशी आमच्याकडं ड्रम धुवायला कोणाला पाठवलं होतं?"

"किसने बोला?" विनोद इकडेतिकडे बघत म्हणाला. "कोणाला नाही पाठवलं. मस्टर देख ले."

"मस्टरवर नव्हता तो."

"मग नव्हताच ना! जाने दे भाई. जुनी गोष्ट झाली." त्याने अर्धा चहा ओतून दिला आणि तो मोटरसायकल काढून निघून गेला.

पुंजाराम तिथेच उभा राहिला. आता कोणाला विचारायचं हे त्याला कळेना. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. मागून आला, डाव्या अंगाला आला, पण या वेळी थांबला नाही. चपला त्याला मागे टाकून पुढे चालू लागल्या. इतके दिवस जो मागे होता तो आता पुढे होता. पुंजारामनं विचार केला नाही. तो त्या आवाजामागून निघाला.

रस्ता ओलांडून, बँकेच्या पायऱ्यांवरून, मनोरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांच्या थांब्यापर्यंत आवाज गेला. तिथे एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक बाई बसली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर, पायांवर तांबडी धूळ. चपला तिच्यापाशी जाऊन थांबल्या.

बाईनं मान वर केली. तिनं पुंजारामकडे पाहिलं नाही. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आलास?"

पुंजारामच्या पाठीतून शिरशिरी गेली. पळून जावं असं त्याला वाटलं. मग त्याने खांदे सोडले, आणि तो तिथेच जमिनीवर बसला.

"बाई, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं म्हंजे? माजा दादला हाय तो." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. "मंगळ्या. ताडावरना पडला व्हता, तवापासना डावा पाय ओढतो. त्याच्या चालीवरना आमी त्याला अंधारात बी वळखतो. तुज्याबरोबर कसा आला?"

तिचं नाव नवसी होतं. विक्रमगडच्या पलीकडच्या एका पाड्यावर तिचं घर होतं. भात झोडून झालं की दोघं दर वर्षी कामाला बाहेर पडायची. या वर्षी लेक बाळंत होती म्हणून मंगळ्या एकटाच निघाला. "त्या विनोदला फोन लावला लेकीनं. तो बोलला, तुजा बाप वापीला गेला, तिकडं काम लागला. आमी वाट बघितली. शिमगा जवळ आला तरी नाय आला." तिनं पायांवरची धूळ झटकली. "आज सकाळी मी पाण्याला चालली व्हती. माज्या पुढं चपला वाजल्या. मी हाक मारली, तो थांबला नाय. तशीच मागं चालत आली. जीपमदी बसली, उतरली, तवा परत वाजल्या. इथं आल्यावर गप झाल्या. म्हणून बसली."

"पण तो तर माझ्या मागं..." पुंजाराम बोलता बोलता गप्प झाला. सकाळी तो घरून निघाला तेव्हाही मागे चपला वाजत होत्या. त्याच वेळी त्या चाळीस किलोमीटरवर हिच्या पुढे वाजत होत्या.

मग पुंजारामनं तिला सगळं सांगितलं. धूर, पळणं, ते "थांब जरा", ते दार. काही लपवलं नाही.

"मी दार धरलं नाही, बाई."

नवसी भाकरीच्या फडक्याची गाठ चाचपत राहिली. जीपवाला "मनोर, मनोर" ओरडत होता.

"धरला असता तर तो भाईर आला असता?"

"माहीत नाही."

"मंग तुला बी म्हाईत नाय, मला बी म्हाईत नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना माफी. "आता चल. तो कुठं हाय तो दाखव."

*

त्या दिवशी त्यांना कारखान्याच्या आत जाता आलं नाही. दोघं पोलीस ठाण्यात गेली. पुंजारामनं जबाब दिला आणि त्यात दाराचीही गोष्ट लिहून घ्यायला लावली. हवालदार म्हणाला, ती कशाला सांगतोस, तुझ्याच अंगलट येईल. पुंजाराम म्हणाला, "लिहा."

विनोद दोन दिवस सापडला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं. आठवड्याभरानं सील काढलं, पंच आले, कारखाना निरीक्षक आले. जागा दाखवायला पुंजारामला आत नेलं. मागचं दार बाहेरून ढकललं तर उघडेना. मजुरांनी वरचे पत्रे हलवले, विटा एकेक करून काढल्या. दारापासून हातभर अंतरावर त्यांना मंगळ्या सापडला. एक चप्पल वितळून जमिनीला चिकटली होती. दुसरी तशीच होती.

नवसी फाटकाबाहेर बसून होती. ती चप्पल तिला दाखवली. पट्टा तुटलेला होता आणि तांब्याच्या तारेनं शिवलेला होता. "मी शिवला व्हता," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तपासण्या होऊन मंगळ्या तिच्या ताब्यात मिळाला तोवर एप्रिल उजाडला. त्याला तिथेच खाडीकाठच्या स्मशानात अग्नी दिला. चौथ्या दिवशी नवसीच्या लेकीचा फोन आला. "आई बोलते, तुमी या. भगत बोलतो, बा अजून घरी नाय आला. ज्याच्यासंगं तो हिंडला त्यानं आणला पायजे."

रूपाली म्हणाली, "मी येते बरोबर." पुंजारामनं प्रियदर्शिनीबाईंना फोन केला. "त्या दिवशी माझ्या खोलीत मला तो ऐकू आला होता," त्या म्हणाल्या. "मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगते. तुम्ही गेल्यावर मी दार लावून घेतलं, वीज आल्या आल्या जिन्यातला दिवा लावला, भर दुपारी. आठ दिवस मी त्या खुर्चीकडे पाठ केली नाही. रोज वाटायचं, खुर्ची बदलून टाकावी. मग एक दिवस तिच्याच शेजारी बसून चहा प्यायले. तेवढंच करता आलं. जा तुम्ही. घाई करू नका."

*

पाड्याच्या सीमेवर एक मोठा मोह होता. फुलं खाली पडून कुजल्याचा गोड, जड वास सुटला होता. दुपार कलली होती. भगत म्हणजे वाळलेल्या अंगाचा, अगदी कमी बोलणारा म्हातारा. त्याने पुंजारामला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. नवसी, तिची लेक, रूपाली, पाड्यावरची माणसं सगळी घराकडे निघून गेली. त्या भगताची तशी रीत होती.

"इथनं घरापर्यंत तू चाल," तो म्हणाला. "तो मागं येल. मागं बघू नको. बघितलास तर तो इथंच ऱ्हाईल. आन पळू नको. लंगडा हाय तो, चढाची वाट हाय."

भगतही गेला. पुंजाराम एकटा उभा राहिला. त्याची छाती धडधडू लागली. त्याने धडधड थांबवायचा प्रयत्न केला नाही. ती होती तशी असू दिली आणि पहिलं पाऊल टाकलं.

थोडा वेळ नुसती वाळलेली पानं वाजली. मग मागे चट् झालं. मग फरफट.

वाट दगडांची होती आणि चढ खडा होता. वळणावर चपला मागे पडल्या. पुंजाराम थांबला. मागे न पाहता, समोरच्या सागाच्या खोडाकडे बघत उभा राहिला. मागे दगड घसरल्याचा आवाज आला, कोणीतरी तोल सावरला, धाप टाकली. ती धाप त्याच्या मानेला लागली, गार आणि ओली. अंगावरचा केसन् केस उभा राहिला. वळून पाहावं असं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. पण तो उभाच राहिला. धाप ओसरल्यावर पुन्हा चालू लागला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा तो भीतीनं थांबला नव्हता. मागच्याला दम लागला होता म्हणून थांबला होता.

"ये," तो म्हणाला. "जवळ आलं घर."

कुडाच्या घरासमोर माणसं दोन बाजूंना बसली होती. पुंजाराम अंगणाच्या कडेला आला आणि कोणी न सांगताच बाजूला झाला. चपला त्याच्या डाव्या अंगानं पुढे गेल्या. अंगणात चरणाऱ्या कोंबड्या दोन्हीकडे पांगल्या, मधून वाट झाली. उंबऱ्यापाशी आवाज थांबला, आणि मग चपला काढून ठेवल्यासारखे दोन हलके आवाज झाले. नवसीच्या लेकीच्या मांडीवरचं पाच महिन्यांचं पोर दाराकडे बघून हसलं.

भगतानं तांदळाची मूठ टाकली. बायकांनी रडायला सुरुवात केली.

रात्रीपर्यंत थांबायचा पुंजारामचा विचार होता, पण नवसीनं त्याला भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी खायला घातली आणि उठवलं. "जा आता, उजेड हाय तवर. शेवटची जीप जाईल."

"पुन्हा येऊ का?"

नवसीनं खालच्या खाचराकडे बघितलं. "आवणीला ये, भात लावायला. माणूस कमी पडतो."

तो आणि रूपाली उतरणीला लागली. वाट अरुंद होती, एकामागून एक चालावं लागत होतं. रूपाली सवयीनं मागे राहिली. "पुढं हो तू," पुंजाराम म्हणाला. ती पुढे झाली. आता त्याच्या मागे कोणीच नव्हतं; फक्त उतरता डोंगर आणि संध्याकाळचं ऊन.

त्याने कान देऊन ऐकलं. पानं वाजत होती, लांब कुठेतरी कुऱ्हाड चालत होती. भीती गेली नव्हती. छातीच्या खाली, एका कोपऱ्यात ती होतीच, तीन असेल, फार तर चार. कारखान्यात कुठे वाफेची शिट्टी वाजली की ती पुन्हा वर येणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि महिन्यातून एकदा पालघरला जायचं त्याने बाईंशी ठरवलंही होतं.

फाट्यावर जीप उभी होती. मागच्या सीटांवर चार-पाच माणसं आधीच बसली होती. ड्रायव्हरच्या शेजारची पुढची सीट तेवढी मोकळी होती. पुंजारामनं क्षणभर दाराची मूठ धरून ठेवली, मग रूपालीला आत सरकायला सांगितलं आणि तिच्या शेजारी बसला.